सोसायटीत गाडी चार्ज करायची तर: लोड, तार, एनओसी आणि आगीची भीती

सप्टेंबर उजाडला की सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा लेटरबॉक्समध्ये पडू लागतात. पाण्याच्या टाकीची गळती, लिफ्टचा देखभाल करार, थकबाकीदारांची यादी. गेल्या काही वर्षांत त्यात एका विषयाची भर पडली आहे. 'ऐनवेळचे विषय' सुरू झाले की एखादा सभासद उठून सांगतो, मी इलेक्ट्रिक गाडी बुक केली आहे, माझ्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट घ्यायचा आहे. मग अर्धा तास गदारोळ होतो. लिफ्ट बंद पडली तर काय? आग लागली तर जबाबदार कोण? याच्या गाडीचं बिल आमच्या मेंटेनन्समधून का जावं? शेवटी 'माहिती घेऊन पुढच्या सभेत ठरवू' असं ठरतं, आणि पुढची सभा म्हणजे पुढचा सप्टेंबर.

आमच्या सोसायटीत हा विषय असाच दोन सभा लोंबकळला. दुसऱ्या सभेनंतर कमिटीतले आम्ही तिघं वायरमनला घेऊन मीटर रूममध्ये गेलो, मंजूर लोडचे कागद काढले, पार्किंगमध्ये टेप धरून अंतरं मोजली. तेव्हा लक्षात आलं की ज्या गोष्टींवर आम्ही भांडत होतो त्यातल्या बऱ्याच दोन संध्याकाळींत सुटण्यासारख्या होत्या. खऱ्या काळजीच्या दोन-तीन गोष्टींचं नाव मात्र सभेत कुणीच घेतलं नव्हतं. तेव्हा जे शिकलो ते इथे मांडतो आहे.

बिलावरचं युनिट आणि गाडीतलं युनिट

इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीत बॅटरी '३० किलोवॉट-तास' अशी लिहिलेली असते. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. म्हणजे ३० ची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर ती भरायला साधारण ३० युनिट लागतात, चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते म्हणून थोडी जास्तच. स्कूटरची बॅटरी बहुतेक वेळा दोन ते चार युनिटांची असते.

दुसरा शब्द नुसता 'किलोवॉट'. युनिट म्हणजे बादलीत मावणारं पाणी धरलं, तर किलोवॉट म्हणजे नळाची धार. स्कूटरच्या चार्जरची धार एक किलोवॉटच्या आतबाहेर, म्हणजे इस्त्रीएवढी. कारसोबत मिळणारा साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा, तो १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर बहुतेक ७.२ किलोवॉटचा. महामार्गावरच्या हॉटेलांबाहेर दिसतात ते फास्ट चार्जर ३०, ६० किंवा त्याहून जास्त किलोवॉटचे असतात, आणि अशी दोन-चार यंत्रं एकत्र आली की त्यांच्यासाठी बहुधा वेगळा ट्रान्सफॉर्मरच बसवावा लागतो.

सभेत 'चार्जिंग स्टेशन' हा शब्द निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर महामार्गावरचं ते धूड उभं राहतं, आणि तिथूनच चर्चा भरकटते. इमारतीत लागतो तो १६ अँपिअरचा एक सॉकेट. इन्स्टंट गीझरला लागतो तेवढाच त्याचा लोड.

पेट्रोल पंपाची सवय

पेट्रोलची गाडी आपण रिकामी होईपर्यंत चालवतो आणि पंपावर जाऊन पाच मिनिटांत भरतो. त्या सवयीने विचार केला की वाटतं, ३० युनिटांची गाडी ३.३ किलोवॉटच्या सॉकेटवर भरायला नऊ-दहा तास लागणार, हे कसं परवडायचं?

पण शहरातली घरची कार रोज किती धावते? ऑफिस, शाळा, भाजी, आईंना दवाखान्यात नेणं, असं धरून ३५ किलोमीटर म्हणू. एका युनिटमध्ये कार साधारण सात किलोमीटर जाते. म्हणजे रोजचा खर्च पाच युनिट, आणि ते भरून काढायला ३.३ किलोवॉटचा सॉकेट लागतो फक्त दीड तास. गाडी रात्री उभी असते दहा तास, तिला वीज लागते दीड तास. हा दीड आणि दहाचा हिशोब नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं बहुतेक सगळं त्यावर उभं आहे.

खर्चाचंही इथेच सांगून टाकतो. घरची वीज युनिटला दहा-बारा रुपये धरली तर किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये पडतात. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आणि गाडी लिटरमागे १५ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला सात रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर घरच्या दुपटीने सहज जातो, शिवाय रांगेत थांबणं वेगळं. ज्याला घरी सॉकेट नाही त्याचा वीजगाडीतला बराच फायदा तिथेच गळून जातो. म्हणून चार्जिंग घराजवळ असणं ही मला चैनीची बाब वाटत नाही. गाडी घेणं परवडेल की नाही, हे त्यावर ठरतं.

"सगळ्यांनी एकदम लावलं तर लोड कसा पेलणार?"

ही शंका रास्त आहे. इमारतीला वीज कंपनीने ठरावीक लोड मंजूर केलेला असतो: एका क्षणी जास्तीत जास्त किती धार ओढता येईल, त्याची मर्यादा. ती ओलांडली तर दंड, आणि वारंवार ओलांडली तर केबल तापणं, फ्यूज उडणं, बाहेरच्या डीपीवर, म्हणजे गल्लीत वीज वाटणाऱ्या पेटीवर, ताण.

समजा शंभर फ्लॅटची इमारत आहे आणि पुढेमागे चाळीस जणांकडे वीजगाडी आली. चाळीस गुणिले ३.३ म्हणजे १३२ किलोवॉट. हा आकडा ऐकून कुठलीही कमिटी घाबरेल.

आता दुसऱ्या बाजूने मोजा. चाळीस गाड्यांना रोज पाच-पाच युनिट म्हणजे दोनशे युनिट. ती रात्री दहा ते सकाळी आठ या दहा तासांत विभागली तर तासाला वीस. म्हणजे वीस किलोवॉट. एका वेळी फक्त सहा गाड्या चार्ज होत राहिल्या तरी सकाळपर्यंत चाळीसही गाड्यांचं काम होतं. गळती धरून सात म्हणा. १३२ आणि २० यांच्यातला फरक भरून काढायला नवा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, पाळी लावावी लागते.

कालव्याच्या पाण्याचं आवर्तन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. चारीला पाणी तेवढंच असतं. सगळ्यांनी एकदम दारं उघडली तर शेवटच्या शेतापर्यंत थेंब पोहोचत नाही, आणि पाळीने घेतलं तर सगळ्यांचं भिजतं. चार्जिंगमध्ये ही पाळी लावण्याला 'लोड मॅनेजमेंट' म्हणतात. सगळे चार्जर एका नियंत्रकाला जोडलेले असतात. लिफ्ट आणि पंप चालू झाले की तो चार्जिंगची धार कमी करतो, इमारत झोपली की वाढवतो. एवढी यंत्रणा नको असेल तर पाच-सात गाड्यांपर्यंत कागदावरचं वेळापत्रक आणि गाडीतला टायमरही पुरतो. चार्जिंग कधी सुरू व्हावं ही वेळ बऱ्याच गाड्यांमध्ये लावून ठेवता येते.

सभेत ज्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं ती पहिली गोष्ट हीच. पाळी न लावता 'जो आधी अर्ज करेल त्याला परवानगी' असं चाललं, की पहिले सात जण इमारतीचा शिल्लक लोड संपवतात. आठव्याला सांगितलं जातं, आता जागा नाही, तुम्हाला हवं असेल तर लोड वाढवायचा खर्च तुम्ही करा. त्याची काही चूक नसते, त्याने गाडी दोन वर्षं उशिरा घेतलेली असते एवढंच. आणि हा शिल्लक लोड चाळीस जणांना पुरला असता. म्हणून पहिल्या अर्जाला परवानगी देतानाच 'पुढे सगळ्यांसाठी पाळीची व्यवस्था झाली की तुमचा चार्जर तिला जोडावा लागेल' ही अट लिहून घ्या. नंतर ती घालायला गेलात तर भांडण अटळ आहे.

एक मर्यादाही सांगायला हवी. कोल्हापूरहून मध्यरात्री रिकामी बॅटरी घेऊन आलेल्याला सकाळी सहाला नाशिकला निघायचं असेल, तर पाळीतला दीड तास त्याला पुरणार नाही. त्याने वाटेत फास्ट चार्जर गाठावा. रोजच्या गरजेसाठी घरचा सॉकेट, लांबच्या प्रवासासाठी रस्त्यावरचा चार्जर, अशी ही विभागणी आहे.

तार कुठून जाणार, आणि जागा कुणाची?

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत सगळ्यांचे मीटर तळमजल्यावर एकाच खोलीत असतात. याचा इथे फार उपयोग होतो. तुमच्या स्वतःच्या मीटरनंतर एक वेगळी तार काढून ती पार्किंगपर्यंत नेली, की गाडीची वीज तुमच्याच बिलात येते. सोसायटीच्या मीटरला हातही लागत नाही. मेंटेनन्समधून पैसे जाण्याचा प्रश्न इथेच संपतो.

मग परवानगी कशासाठी? कारण ती तार सामायिक भिंतीवरून, सामायिक छताखालून जाते. आणि पार्किंग 'माझं' असं आपण म्हणत असलो तरी कायद्याने चित्र वेगळं आहे. ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग आणि उघडं पार्किंग ही सामायिक जागा आहे, बिल्डर ती फ्लॅटसारखी विकू शकत नाही. तिथे गाडी लावण्याचा हक्क सोसायटी देते, जागा सगळ्यांची राहते. म्हणून तिथे कायमची तार टाकायला सोसायटीचं ना हरकत पत्र, आपल्या बोलीत एनओसी, मागितलं जातं.

आपल्या मीटरवरून वीज घेण्यात एक खाच मात्र आहे. घरगुती दर टप्प्यांचे असतात. महावितरणच्या बिलावर शंभर, तीनशे, पाचशे युनिट असे टप्पे दिसतील, आणि वरच्या टप्प्यात युनिट महाग होत जातं. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी कार दीडशेच्या आसपास युनिट खाते. आधीच एसी-गीझरमुळे अडीचशे युनिट वापरणाऱ्या घरात यातली बरीचशी भर वरच्या, महागड्या भागात पडते. अशांनी चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेण्याचा विचार करावा. वाहन चार्जिंगसाठी महाराष्ट्रात वेगळा वीजदर गट आहे. स्कूटरवाल्यांना याची गरज नाही, महिन्याची तीस-चाळीस युनिटं घरच्या बिलात सामावून जातात.

कायदा कुठवर साथ देतो?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये एक खुलासा केला. गाडी चार्ज करून देणं ही वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, त्यामुळे वीजविक्रीचा परवाना लागत नाही. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आणखी स्पष्ट केलं की घरी किंवा ऑफिसात असलेल्या जोडणीवर गाडी चार्ज करायला हरकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले आणि वाहन चार्जिंगसाठी मागेल त्याला स्वतंत्र जोडणी घेण्याची सोय झाली. त्याच बदलात नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांवर आली.

भाडेकरूंनी एक लक्षात ठेवावं: वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये जोडणी मागण्याचा हक्क 'मालक किंवा ताबेदार' दोघांनाही आहे.

म्हणजे वीज कंपनीच्या बाजूने वाट बरीच मोकळी आहे. अडतं ते सोसायटीच्या दाराशी. कंपनीला तीन दिवस, सोसायटीला तीन वर्षं, असा प्रकार होतो. फ्रान्समध्ये इमारतीत राहणाऱ्याला कायद्याने 'सॉकेटचा हक्क' आहे: इमारतीकडे ठोस आणि रास्त कारण नसेल तर नाही म्हणता येत नाही. जर्मनीने डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकांना आणि भाडेकरूंना असाच हक्क दिला. या कायद्यांत हक्क मिळाला तरी काम नीट करण्याची आणि खर्चाची जबाबदारी मागणाऱ्यावरच असते. आपल्या सहकार कायद्यातही असं स्पष्ट वाक्य यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शेकडो सोसायट्यांनी तोच वाद दरवर्षी नव्याने घालण्यात कुणाचंच भलं नाही.

"माझ्याकडे गाडी नाही, मी खर्च का करू?"

स्वतःच्या मीटरवरून तार नेली तर तुमचा एक रुपयाही जात नाही. सामायिक चार्जर बसवले तर प्रत्येक वापराची नोंद कार्ड किंवा ॲपवर होते, वापरणारा युनिटमागे पैसे देतो, आणि दरात थोडी रक्कम वाढवून बसवण्याचा खर्चही वसूल करता येतो. क्लब हाऊस भाड्याने देतो तसंच.

एक खर्च मात्र सगळ्यांनी मिळून करावा असं मी म्हणेन. पार्किंगच्या छताला एकदाच केबल ट्रे बसवून घ्या, मीटर रूमपासून शेवटच्या खांबापर्यंत. तो नसेल तर प्रत्येक जण आपापला पाइप ठोकतो, आणि पाच वर्षांनी छताखाली तारांचं असं जाळं होतं की आग लागली तर कुठली तार कुणाची हे कळत नाही. नव्या इमारतींसाठी केंद्राने २०१९ मध्ये नमुना बांधकाम नियम बदलून वीस टक्के पार्किंगसाठी चार्जिंगची तरतूद सुचवली. ज्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे त्यांनी वीस टक्क्यांवर थांबू नये. स्लॅब पडण्याआधी रिकामे पाइप टाकून ठेवणं फार स्वस्त पडतं, स्लॅब पडल्यावर तेच काम महाग होतं.

"आग लागली तर?"

हा प्रश्न हलक्यात घ्यायचा नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्यावर उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेची मानकं कडक झाली. 'एआयएस १५६' या मानकातले नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३. त्याआधी घेतलेली किंवा कुठल्याशा दुकानातून बॅटरी बदलून घेतलेली स्कूटर असेल तर जास्त जपायला हवं.

पण आग दोन प्रकारची असते, आणि सभेत ती एकत्र केली जाते. एक बॅटरीच्या आतून लागणारी. ती कंपनीच्या दर्जावर अवलंबून आहे, आणि गाडी चार्जिंगला नसतानाही लागू शकते, त्यामुळे सॉकेट नाकारून टळत नाही. दुसरी वायरिंगमुळे लागणारी, आणि ही पूर्णपणे आपल्या हातात आहे. न बोलली गेलेली दुसरी गोष्ट ती हीच.

गीझर आणि कारचा चार्जर साधारण सारखीच वीज ओढतात, पण गीझर दहा मिनिटं चालतो आणि चार्जर कधी कधी सहा-सात तास. सॉकेटमधला स्क्रू जरासा सैल असेल तर गीझरच्या दहा मिनिटांत तो कोमट होऊन निवतो. तोच सात तास तापत राहिला तर प्लॅस्टिक वितळतं. म्हणून जुन्या वायरिंगवरचा, वॉशिंग मशीनसाठी काढलेला सॉकेट चालत नाही. मीटरपासून थेट, मध्ये जोड नसलेली तांब्याची तार हवी, ३.३ किलोवॉटसाठी सहसा चार चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असेल तर जाड. सुरुवातीला जास्त लोड आला की लाइन तोडणारा एमसीबी, आणि सोबत वीज कुठे गळाली तर क्षणात तोडणारं आरसीसीबी. अर्थिंग मोजून घ्या. अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि मग लोक चार्जरला दोष देतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर असावा आणि एक्स्टेंशन कॉर्ड वापरू नये, असं म्हटलं आहे. यातला दुसरा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, आणि तो मोडायला नकारच भाग पाडतो. सोसायटीने परवानगी दिली नाही म्हणून गाडी विकणारा माणूस मी पाहिलेला नाही. तो पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन सोडतो, किंवा स्कूटरची बॅटरी काढून घरात, पलंगाशेजारी चार्जिंगला लावतो. वसईत बॅटरी घरातच होती. ज्या काकू सभेत 'आग लागेल' म्हणून विरोध करत होत्या त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनीच पुढे विचारलं, "मग खाली नीट जागा करून का देत नाही?"

जागा निवडताना जिन्याचं तोंड, लिफ्टचं दार, मीटर रूम आणि गॅसची लाइन यांपासून लांब राहा. बॅटरीची आग विझवायला पाणी खूप लागतं आणि ती पुन्हा पेटू शकते, त्यामुळे बाहेर पडण्याची वाट कायम मोकळी हवी. बेसमेंटपेक्षा उघडं किंवा स्टिल्ट पार्किंग बरं.

आणि पावसाळा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचं पाणी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि गाड्या बुडाल्या. नदी-नाल्याकाठच्या इमारतींनी ८०० मिलिमीटरवर समाधान मानू नये. मागच्या पुराची खूण भिंतीवर असते, सॉकेट आणि त्याचा बोर्ड तिच्या वर घ्या, आणि सगळी चार्जिंग लाइन बंद करणारा एक मेन स्विच वॉचमनला दाखवून ठेवा.

रात्री लावायचं की दुपारी?

आपण घरी येतो आठला, गाडी लावतो, प्लग खोचतो. नेमकी तीच वेळ गल्लीतल्या डीपीसाठी सर्वांत अवघड असते: दिवे, टीव्ही, एसी, स्वयंपाकघर सगळं चालू. टायमर अकरानंतरचा लावला तर त्याच डीपीवर तेवढ्याच गाड्या सहज निघतात.

दुपारचं गणित मात्र बदलतं आहे. सौर वीज वाढल्यामुळे भर दुपारी वीज मुबलक असते. म्हणून केंद्राने २०२३ मध्ये वेळेनुसार दराचा नियम केला: सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी, आणि मागणीच्या तासांत जास्त. महाराष्ट्रात २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू झाली. निवृत्त माणसांची, घरून काम करणाऱ्यांची गाडी दुपारी घरीच असते, त्यांनी दुपारीच लावावी. बाकीच्यांसाठी ऑफिसच्या पार्किंगमधला साधा सॉकेट मोलाचा ठरतो. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल असतील तर त्यांचा आणि चार्जिंगचा विचार एकत्रच करा.

पार्किंगच नसेल तर?

इथवरचं सगळं पार्किंग असलेल्यांचं झालं. पेठेतल्या वाड्यात, चाळीत, गावठाणात राहणाऱ्याची स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी असते. डिलिव्हरीची कामं करणारी मुलं चौघं मिळून एका खोलीत राहतात. पेट्रोल वाचवण्याची सगळ्यात जास्त गरज यांना आहे, आणि सॉकेट यांच्याकडेच नाही.

टेलिफोन घरोघरी पोहोचायच्या आधीचे दिवस आठवा. नाक्यावर पीसीओ होता, किराणा दुकानाच्या काउंटरवर कॉइन बॉक्स होता. फोन मालकीचा नव्हता, पण हाताशी होता. चार्जिंगचंही तसं होऊ शकतं, आणि त्यासाठीचं यंत्र महाग नाही. स्कूटर-रिक्षांसाठी कमी किमतीच्या चार्जिंग पॉइंटचं भारतीय मानक २०२१ मध्ये आलं. त्यामागची कल्पनाच अशी की साडेतीन हजार रुपयांच्या आसपास किमतीचं, मोबाइलने पैसे घेणारं यंत्र दुकानाबाहेर, गॅरेजच्या भिंतीवर बसावं. सेवेला परवाना लागत नाही हे वर आलंच. दुकानदाराने योग्य गटातली जोडणी, वेगळी लाइन आणि अर्थिंग एवढं सांभाळलं की झालं. फूटपाथवरून तार आडवी टाकायची नाही, हे त्याने पक्कं पाळावं.

लंडनमध्ये रस्त्याच्या दिव्याच्या खांबातच सॉकेट बसवले आहेत. दिवे एलईडी झाल्यावर त्याच केबलमध्ये वाचलेली क्षमता त्यांना कामाला आली. ॲमस्टरडॅममध्ये रहिवासी अर्ज करतो आणि पालिका त्याच्या घराजवळ सार्वजनिक चार्जर लावते. आपल्याकडे पथदिव्यांची लाइन बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी एका स्विचवर चालू होते आणि सकाळी बंद होते, त्यामुळे लंडनची नक्कल लगेच जमणार नाही. पण मागणीची नोंद वॉर्ड ऑफिसमध्ये ठेवणं आणि जिथे दहा अर्ज जमले तिथे पालिकेच्या वाहनतळावर, मंडईत, उद्यानाच्या भिंतीलगत स्कूटरचे सॉकेट देणं, याला कुठलंही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

आमच्या सोसायटीत शेवटी दोन सभासदांच्या तारा आल्या, ट्रे बसला, आणि गेटच्या आतल्या भिंतीवर स्कूटरसाठी एक सॉकेट वेगळ्या मीटरवर निघाला. युनिटचा दर शेजारी पाटीवर लिहिला आहे, वही वॉचमनच्या टेबलावर असते. परवा सहज चाळली. सभासदांची नावं चार, आणि बाकीची पानं स्वयंपाकाला येणाऱ्या दोघी ताईंच्या, इस्त्रीवाल्याच्या आणि समोरच्या वाड्यातल्या एका कुरिअरवाल्या मुलाच्या नोंदींनी भरलेली. दुपारी बारा ते दोन हीच त्यांची वेळ, तेव्हा पार्किंग रिकामंच असतं.